चुकलं तर चुकू दे

प्रश्न : काका, मी ‘बाल्डर्स गेट ३’ हा कॉम्प्युटर गेम खेळतोय. त्यात बोलणं जमतं की फसतं ते फासा ठरवतो. प्रत्येक संवादाआधी खेळ सेव्ह करतो आणि फासा वाईट पडला की लगेच तो लोड करून मागे जातो. साठ तास झाले, अजून दुसऱ्या अंकातच आहे. मित्र म्हणतात ही चीटिंग. खरंच का?
(कॉलेज विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर : चीटिंग कसली? गेम तुझा, पैसे तुझे. पण पुता, तू प्रयोग करतच नाहीयेस, नुसती तालीम चाललीय.

आमच्या मडकईकडच्या जत्रेच्या नाटकात मी अठरा वर्षं विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करतो. एकदा सेनापतीची तलवार म्यानातून निघेचना. राजाचं काम करणारा कसलेला नट. तो शांतपणे म्हणाला, ‘सेनापती, तुमची तलवारसुद्धा आज फितूर दिसते!’ मांडवभर टाळ्या. पुस्तकात ते वाक्य नव्हतं. नाटकाचं नाव लोक विसरले, त्या तलवारीची आठवण अजून काढतात. गोष्टीचा गेम मी त्याच मापाने मोजतो. माझं काम चुकलं तर समोरचा नट, म्हणजे गेम, सांभाळून घेतो, की तोंड फिरवून उभा राहतो?

‘डिस्को एलिझियम’ (२०१९) हा यातला राजा. लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. चोवीस कौशल्यं, दोन फासे आणि गप्पा. दोन्ही फाशांवर एक पडला की कौशल्य कितीही असो, फजिती ठरलेली. मी हॉटेलचं बिल चुकवून पळायला गेलो आणि व्हीलचेअरमधल्या बाईंवर जाऊन आदळलो. लाज वाटली, आणि इतका हसलो की शेजारच्या खोलीतून बायको ओरडली. जिंकलो असतो तर तो प्रसंगच पाहिला नसता. तुझ्या ‘बाल्डर्स गेट’मध्येही वीस बाजूंचा फासा हरल्यावर गोष्ट थांबत नाही, दुसऱ्या वाटेने जाते. तिथे एकच सेव्ह देणारा ऑनर मोड आहे, पण पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नकोस. लढायाही अवघड होतात, रडशील. माझा नियम साधा आहे. लढाई हरलो तर लोड करतो, बोलणं फसलं तर करत नाही.

‘द विचर ३’ने (२०१५) तर लोड करायची सोयच काढून घेतली. म्हणजे बटण आहे, उपयोग नाही. त्यातल्या वेलन नावाच्या मुलखात एका टेकडीवर झाडात अडकलेला आत्मा भेटतो. सोडायचा की मारायचा? मी दलदलीतल्या अनाथ पोरांचा जीव वाचेल म्हणून सोडला. (गेमला दहा वर्षं झाली, आता रहस्य फोडलं म्हणून पत्रं पाठवू नका.) पोरं वाचली. त्याची किंमत गावाने, बॅरन म्हणवणाऱ्या तिथल्या सरदाराच्या बायकोने आणि शेवटी गळफास घेऊन बॅरनने मोजली, आणि हे मला कळलं तेव्हा मधे कित्येक तासांचा खेळ होऊन गेला होता. मागे जायचं तर तेवढं सगळं पुसायला हवं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे विचारत होते, तब्येत बरी नाही का?

प्रश्न : दादा, मुलगा पंधरा वर्षांचा. रात्री दोनपर्यंत गेम खेळतो आणि विचारलं की म्हणतो, ‘आई, हे वाचनच आहे.’ नववीत मराठीत जेमतेम पास झालाय. खरं बोलतो का तो?
(गृहिणी, डिचोली)

उत्तर : ताई, अर्धं खरं. ‘डिस्को एलिझियम’मध्ये जवळजवळ दहा लाख शब्द आहेत आणि ते वाचल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पण ते शब्द इंग्रजी, तेव्हा मराठीच्या मार्कांशी त्यांचा संबंध जोडू नका. दुसरं म्हणजे मी वर नावं घेतलेले तिन्ही गेम मोठ्यांसाठीचे आहेत. दारू, शिव्या, रक्त, सगळं आहे. खोक्यावर किंवा दुकानाच्या पानावर वयाचा आकडा असतो, तो आधी बघा. आणि रात्रीचे दोन म्हणजे दोन. पुस्तक वाचत असता तरी अकराला दिवा बंद केलाच असतात ना?

एकदा जेवताना विचारून बघा, ‘काल तुझ्या माणसाने काय केलं?’ गोष्ट सांगायला लागला तर वाचत होता. नुसते पॉइंट मोजायला लागला तर पकडलात.

प्रश्न : लॅपटॉप दहा वर्षं जुना, ग्राफिक्स कार्ड नाही. काहीतरी सुचवा.
(साखळी)

उत्तर : ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’. १९९० चा. जुने गेम चालवणाऱ्या स्कमव्हीएम नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर तुमच्या लॅपटॉपला घामही फुटणार नाही. त्या काळच्या कित्येक साहसी गेमांत एक वस्तू उचलायची राहिली की तासाभराने कळायचं, वाट कायमची बंद. इथे तसं नाही. नायक दहा मिनिटं श्वास रोखू शकतो आणि पाण्याखाली त्याहून जास्त वेळ नुसते बघत बसलात तरच मरतो. तलवारबाजी तर टोमण्यांची. ज्याचं उत्तर खोचक तो जिंकला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीचा भाव पाडून घेतला असेल, तर तुमची तालीम झालेलीच आहे.