फोन बदलताना व्हॉट्सअ‍ॅप

प्रश्न : आईचा अँड्रॉइड फोन जुना झाला, नवा अँड्रॉइडच घेतलाय. नंबर तोच. जुन्या गप्पा, फोटो नव्या फोनवर कसे आणायचे? गूगलचा बॅकअप 'जागा नाही' म्हणून अडतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : बॅकअपचा नाद सोडा, थेट फोन-ते-फोन पाठवा. दोन्ही फोन चार्ज करून जवळ ठेवा, वाय-फाय आणि लोकेशन चालू करा. जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, मग 'ट्रान्सफर चॅट्स'. नव्यावर व्हॉट्सअ‍ॅप टाकून तोच नंबर पडताळा आणि गप्पा आणण्याचा पर्याय निवडा. नव्या फोनवर क्यूआर कोड येईल, तो जुन्याने स्कॅन करा. घाईत 'स्किप' दाबलंत की पंचाईत : अ‍ॅप काढून पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. काम फत्ते होईपर्यंत जुन्या फोनवरचं काहीही पुसू नका.

बॅकअप अडतो, कारण गूगलची फुकट १५ जीबी जागा जीमेल, फोटो आणि हा बॅकअप मिळून वापरतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज अँड डेटा'त 'मॅनेज स्टोरेज' उघडा. ५ एमबीहून मोठ्या फायली तिथे वेगळ्या दिसतात. बहुतेक सुप्रभातचे व्हिडिओच निघतील. ते उडवा आणि बॅकअपमधलं 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद ठेवा. पुढे बॅकअप परत आणायचा तर गूगल खातंही तेच लागतं. दुकानदाराने नवं खातं उघडून दिलं असेल, तर बॅकअप सापडणारच नाही.