तगर नंतर, तेरणा आधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या तेरच्या इतिहासाची तुझी टिपणं वाचली. मेहनत दिसते, भाषाही साधी आहे. पण पहिल्याच पानावर सातवाहन, दुसऱ्यावर रोम, आणि गावच्या तेरणा नदीचं नाव पार पुढे, तेही गोरोबाकाकांच्या समाधीचा पत्ता सांगण्यापुरतं! हा क्रम मला पटला नाही.

नकाशा घेऊन बस आणि आधी पाणी कुठून कुठे जातं ते बघ. बालाघाटाच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस सीनेत उतरतो, तिथून भीमेत आणि पुढे कृष्णेत जातो. पूर्वेकडचा तेरणेत येतो, मग मांजरेत, मग गोदावरीत. आपल्या एका जिल्ह्यातला पाऊस असा दोन खोऱ्यांत वाटला जातो. त्यात आपण पर्जन्यछायेत, त्यामुळे मुळात वाटायला फार नसतंच. डोंगराकडे बरड, मुरमाड रान आणि नदीकडे खोल काळी. त्या काळीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी वरचं पाणी न देता येते. इथे माणूस का थांबला, याचं अर्धं उत्तर त्या ओलीत आहे.

उरलेलं उत्तर पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत शोध. तेरभोवतीची टेकाडं ही जुन्या वस्त्यांवर वस्त्या बसून झालेली आहेत. पाऊस पडून गेला की तिथे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी उघडी पडायची. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि शेवटी सरकारला दिल्या. आज गावात त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे ते त्यामुळे. तुझ्या टिपणांत त्यांना एकच ओळ मिळाली आहे. माझ्या हातात असतं तर एक प्रकरण दिलं असतं. राजांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, वाटेवरचा मणी उचलून जपणारा गावात एखादाच निघतो. आणि हे लिहिताना एक भान ठेव. आता तसा मणी दिसला तर तो पुरातत्त्व खात्याच्या माणसाला दाखवायचा, घरी आणायचा नाही. कुठल्या थरात सापडला हे कळलं नाही, तर त्याचं निम्मं मोल जातं.

आता तगरबद्दल, म्हणजे तेरचं जे जुनं नाव मानतात त्याबद्दल. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या माहितीपुस्तकात लिहितो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी भडोचला जायची. एवढं तू लिहिलंस. हे तगर म्हणजे नेमकं कुठलं, यावर अभ्यासक कितीतरी वर्षं भांडत होते हे मात्र लिहिलं नाहीस. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ च्या सुमारास फ्लीट आणि कझिन्स या इंग्रज अभ्यासकांनी तेरकडे बोट दाखवलं, १९५८ मध्ये पुरातत्त्वाच्या चापेकरांनी इथे उत्खनन केलं. नकाशावर तेर पैठणच्या नीट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. वाचक हे विचारणारच, तेव्हा तूच आधी सांगून टाक. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, तेही घाल. गाव हातात नसताना त्याचा मोठेपणा मिरवणारी ती घराणी मला भारी गंमतीची वाटतात.

त्रिविक्रम मंदिराचं लिहिताना जपून. मागची बाजू अर्धगोल, बांधकाम विटांचं, त्यामुळे ते मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आज तिथे त्रिविक्रम उभा आहे, गावाची श्रद्धा त्याच्यावर आहे. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिही, कोणाच्या बाजूने वकिली करू नकोस. गोरोबाकाकांचंही तसंच. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगितल्याची कथा गाव जशी सांगतं तशीच उतरव. फक्त संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मातीच्या मूर्तींपासून काकांच्या मडकी भाजायच्या आव्यापर्यंत तू जी सरळ रेघ ओढली आहेस, ती पुसून टाक. मधल्या हजार वर्षांचा पुरावा तुझ्याकडे नाही.

तुझं सगळ्यात अशक्त प्रकरण निजामाचं. रझाकार, पोलीस ॲक्शन, १७ सप्टेंबर १९४८, संपलं! अगं, सव्वादोनशे वर्षांची राजवट दोन पानांत कशी उरकतेस? गावची जमीन दिवाणी म्हणजे सरकारी होती, कोणा सरदाराच्या जहागिरीत होती की सर्फेखासात, म्हणजे निजामाच्या खासगीत, इथून सुरुवात कर. कारण त्यावरून सारा कोणाकडे जायचा ते ठरायचं. जुने कागद फारसी, उर्दू आणि मोडीत मिळतील. त्यावर फसली, म्हणजे महसुली सन असेल, त्यात ५९० मिळव म्हणजे इसवी सन येईल. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. १९५४ ची खासरा पाहणी, म्हणजे जमीन कोणाकडे याची नोंदवही, तहसिलात बघायला माग. कुळकायदा आणि इनामं खालसा होण्याच्या त्या दिवसांत कोणाची जमीन कोणाच्या नावावर चढली, हे तिथे दिसेल. वाचताना काही घरांची नावं ओळखीची निघतील. ती छापायची नाहीत. आणखी एक धागा सांगतो. १८५३ ते १८६० हा आपला भाग निजामाने इंग्रजांकडे दिला होता, आणि मेडोज टेलर हा इंग्रज नळदुर्गला अधिकारी होता. म्हणजे या सात वर्षांचा कारभार इंग्रजी दप्तरात सापडण्याची आशा आहे.

१९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोचली, तिच्यावर थोडक्यात लिही. ढोकीच्या साखर कारखान्यावरही, पण उसाने पाण्याचं काय केलं ते न लाजता लिही. १९७२ च्या दुष्काळासाठी मात्र म्हाताऱ्या बायांकडे जा. पुरुष पुढाऱ्यांची नावं सांगतात. बाया सांगतात की आड आटल्यावर घागर कुठवर न्यावी लागायची, दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण जायचं, तिथे मिळणारी सुकडी खायला कशी लागायची. बोलायला लावू नकोस, शेंगा फोडत शेजारी बस.

आणि १९९३ चा भूकंप. तेरणेच्याच काठाने खाली गेलं की किल्लारी, सास्तूर. ३० सप्टेंबरच्या पहाटे तिथे सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जाड माळवद, उन्हाळ्यात गार ठेवणारं तेच घर अंगावर आलं. आपल्याकडची माळवदं जाऊन पत्रे कधी आले, हे घरोघर विचार. भूगोल आणि इतिहास वेगळे विषय आहेत असं तुला शाळेत आम्हीच शिकवलं, पण या प्रकरणात तसं करता येणार नाही.

मोडी वाचणारे एक गृहस्थ धाराशिवला आहेत, त्यांच्या नावाची चिठ्ठी सोबत जोडतो. जाताना कागदांच्या झेरॉक्स ने, मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नकोस. ते दुपारी झोपतात, चारनंतर जा.

तुझे,
गुरुजी