१९३०च्या सोलापूरवर मुलांसाठी कादंबरी लिहितोय. नायक ११ वर्षांचा गिरणी कामगार. राजकारण मुलांना जड जाईल का?

राजकारण जड जात नाही. भाषणं जड जातात.

आधी एक दुरुस्ती. १९२२च्या कारखाना कायद्यानं १२ वर्षांखालच्या पोराला गिरणीत घ्यायला बंदी होती, १२ ते १५ वाल्यांना दिवसाला ६ तास. तुमचा नायक ११चा, म्हणजे घरच्यांनी वय वाढवून सांगितलं असणार. तेच लिहा की! १२ जानेवारी १९३१ ही सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीची तारीख इथं पोरासोरांना पाठ असते. पण पोराला "बारा म्हण, बारा" असं घोकून घेणारी आई मी तरी कुठं वाचली नाही.

तुम्ही पुढं लिहिलंय की नायक काम टाकून झेंडा घेऊन निघतो आणि आई अभिमानानं बघत राहते. इथं मला राहवलं नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. अम्मा घरी विड्या वळायची. मजुरीचा हिशोब हजार विड्यांमागे. भिजवून फडक्यात गुंडाळलेली पानं पहाटे कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू. विड्यांची तोंडं मुडपायचं काम माझं, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. याला कुणी बालमजुरी म्हणत नव्हतं. १९८६चा कायदा आला, त्यातूनही घरच्यांनी घरात केलेलं काम सुटलंच.

थोरला भाऊ अण्णा यंत्रमागावर, युनियनमधला. जगातल्या कामगारांबद्दल असं बोलायचा की ताटातली आमटी गार व्हायची. मी चौथीत असताना मोर्चात माझ्या हाती लाल झेंडा देऊन त्यानं मला कलेक्टर कचेरीपर्यंत नेलं. मजा आली, खोटं कशाला बोलू. येताना उसाचा रसही पाजला. घरी आलो तर अम्मा एकटीच दिव्याखाली वळत बसलेली. हजार भरायचे म्हणून तोंडंही तिनंच घाईघाईत मुडपली. दुसऱ्या दिवशी विड्या तपासणाऱ्यानं छाट काढली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या. काढलेल्या विड्या तो समोरच मोडून टाकायचा. पैसे कापले ते कापलेच, पानं-तंबाखूची तूटही अम्माच्या माथी. माझी भूमितीची वही त्या महिन्यात आली नाही.

अण्णा अजून दर १ मेला सभेत सांगतो, "माझी नऊ वर्षांची बहीण झेंडा धरून सगळ्यांच्या पुढं होती." टाळ्या पडतात. मी म्हणते, छाटीचंही सांग. तो म्हणतो, पन्नास विड्यांसाठी इतिहास सोडू का?

तेव्हा तुमच्या कादंबरीत ८ मे १९३०चा रूपाभवानी मंदिराजवळचा गोळीबार घ्या, त्यानंतरचा मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल घ्या, गांधी टोपी घातली म्हणून मार खाणारे घ्या. फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन यांचं 'गझनफर' वर्तमानपत्र घ्या, पोराला वाचता येत नसेल तर कुणी वाचून दाखवेल. पण गिरणी बंद म्हणजे पगार बंद. त्या दिवसांत पोराच्या घरी चूल कशावर पेटली, त्याला एक प्रकरण द्या. बहीण असेल तर तिला नाव द्या, नुसती 'धाकटी' म्हणून सोडू नका. तो झेंडा घेऊन गेला त्या दिवशी त्याच्या वाटणीचं पाणी कुणी भरलं?

फाशी लपवू नका. दहा-बारा वर्षांच्या पोरांना मरण कळतं.

आता हेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. अण्णासारखी माणसं रस्त्यावर उतरली नसती तर मजुरी चार आण्यांनीही वाढली नसती. आणि मी १९३०ची गिरणी पाहिलेली नाही, विडीवरून बोलतेय. गिरणीतल्या म्हाताऱ्यांची नातवंडं अजून आहेत, त्यांच्याकडं जाऊन बसा.

आणि अण्णा, नातवानं तुला हे दाखवलंच तर वाच. छाट पन्नास नव्हती, दीडशेच्या वर होती. अम्मानं मोजली तेव्हा मी शेजारीच बसले होते.