नटांनी गायलेली पॉप गाणी? आधी रिचर्ड हॅरिस ऐका

तुम्ही विचारलंय की मोठ्या गीतकाराची गाणी नटांनी गायलीत अशी सहसा न सापडणारी पॉप रेकॉर्डिंग कुठली. माझ्याकडं सोलापुरात अशा एलपी (मोठ्या तबकड्या) मोजून चार आहेत, पण त्यातल्या दोन एकाच माणसाच्या, रिचर्ड हॅरिसच्या. हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन पिक्चरमधला डंबलडोर आठवतो ना, तोच.

१९६८ ला त्यानं अमेरिकन गीतकार जिमी वेबची गाणी घेऊन आख्खा अल्बम केला, 'अ ट्रॅम्प शायनिंग'. वेब तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा पोरगा. त्यातलं 'मॅकआर्थर पार्क' सात मिनिटं एकवीस सेकंदांचं, रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजायची त्या काळात, आणि तरी अमेरिकेत दोन नंबरला गेलं. आधी 'द असोसिएशन' नावाच्या ग्रुपनं हेच गाणं नको म्हटलं होतं! हॅरिसचा गळा काही गायकाचा नाही, वरच्या सुरात धाप लागल्यासारखा होतो, आणि गाण्यात मूळ शब्द मॅकआर्थर पार्क असताना हा शेवटपर्यंत 'मॅकआर्थर्स पार्क' म्हणत राहतो. पण गाण्यातल्या त्या पावसात भिजत पडलेल्या केकचं दुःख खरं वाटायला लावायचं म्हणजे तिथं नटच पाहिजे हो, चांगला गायक असता तर ते नुसतं गोड झालं असतं. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा मामा दारातूनच ओरडला, "काय ऐकलालाय बे, गाणं हाय का नाटक?" त्याला म्हटलं दोन्ही.

ही एलपी काही दुर्मिळ नाही म्हणा, ढीगभर खपली होती. शोधायची असेल तर त्याच वर्षीची दुसरी शोधा, 'द यार्ड वेन्ट ऑन फॉरएव्हर', तीपण सगळी वेबचीच गाणी, पण हिट गाणं नसल्यामुळं कुणाला माहीतच नाही. मला हीच जास्त आवडते.

दुसरा सेबॅस्टियन कॅबट. डिस्नेच्या 'जंगल बुक'मधल्या बघीराचा आवाज. पिक्चर १९६७ चा आणि त्याच वर्षी ह्यानं अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनची गाणी मागं वाद्यं लावून चक्क कवितेसारखी म्हटली, अल्बमच्या नावातच डिलनला 'पोएट' म्हटलंय, आणि डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं ते २०१६ ला! ऐकताना हसू येतं पण शब्द एकन् एक कळतो.

हॉलिवूडची नटी स्कार्लेट जोहान्सननं २००८ ला अमेरिकन गायक-गीतकार टॉम वेट्सची गाणी गायली, दोन गाण्यांत मागं ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीपण आहे, पण तिचा आवाज वाद्यांखाली पार गाडलाय, एकदा ऐकून ठेवून दिली.

आपल्याकडचं पाहिजे तर 'मुसाफिर' (१९५७) मध्ये दिलीपकुमार लताबाईंबरोबर शैलेंद्रचं 'लागी नाही छूटे' गायलाय. पॉप नाही, पण नटाचा आवाज म्हणजे काय ते लगेच कळेल. ते मामालापण आवडतं.