मजुरी वाचते पंचवीस हजार, पणाला लागते गाडी

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, वय ३१, पवईत नोकरी. पगार हातात ८२,०००, पत्नीचा ४५,०००. गेल्या वर्षी २०२१ ची पोलो १.० टीएसआय मॅन्युअल सेकंडहँड घेतली. कर्ज ३,९०,००० बाकी, हप्ता ११,४००. हप्ता धरून घरखर्च महिन्याला ७५,००० च्या आसपास, एसआयपी १५,०००. बँकेत १,६०,००० ची एफडी आहे. गाडीला रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं), इनटेक (इंजिनात हवा नेणारा पाइप आणि फिल्टर), डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), एक्झॉस्ट, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि ब्रेक पॅड करायचेत. गॅरेजने मजुरीसकट २,०५,००० सांगितले. माझा शाळेपासूनचा मित्र पूर्वी भांडुपच्या एका गॅरेजात होता, तो दोन रविवारांत फुकट करून देतो म्हणतो, म्हणजे १,८०,००० त भागेल. एक लाख एफडी मोडून आणि ८०,००० क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर असा विचार आहे. बायको म्हणते हा खर्च नाही, खूळ आहे. तुमचं मत?

उत्तर : गाडीवरच्या खर्चाचा विषय निघाला की आर्थिक सल्लागाराने एसआयपीचा कॅल्क्युलेटर काढायचा, हेच पैसे वीस वर्षांनी किती झाले असते ते सांगायचं आणि समोरच्याला ओशाळवायचं, असा एक रिवाज आहे. मी तो पाळणार नाही. दोघांचे मिळून १,२७,००० घरात येतात, एसआयपी चालू आहे, तेव्हा वर्षाकाठी पन्नास-साठ हजार हौशीवर गेले तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती यादीतल्या काही वस्तूंना, पैसा जिथून येणार आहे त्याला, आणि 'मित्र फुकट करतोय' या कारणावर तुम्ही टाकलेल्या भाराला.

आधी फुकटाचं बघू. वाचतात २५,०००, म्हणजे गॅरेजच्या आकड्यातले सुमारे १२ टक्के. उरलेला सगळा पैसा सुट्या भागांचा आणि रिमॅपचा आहे. पाना कोणाच्याही हातात असला तरी तो तितकाच जाणार. त्यात ८०,००० कार्डावर बारा महिन्यांच्या हप्त्याने, १६ टक्के दर धरला, तर महिन्याला ७,२५८ भरावे लागतील. व्याज ७,१०० च्या आसपास, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी. म्हणजे मित्राने वाचवलेल्या मजुरीतला तिसरा हिस्सा कार्ड कंपनीच्या घशात गेला.

शिवाय गॅरेजचे २५,००० हे नुसते हात चालवण्याचे नसतात. बिल मिळतं. आठवड्याने खालून तेल गळायला लागलं तर गाडी परत नेऊन उभी करता येते आणि थोडा आवाजही चढवता येतो. मित्राकडे यातलं काय करणार? सेन्सरचा कनेक्टर तुटला, बोल्टचे आटे गेले, तर त्याच्याकडून पैसे घेणार नाही, आणि घेऊही नये. म्हणजे काम बिघडण्याची जोखीम गॅरेजकडून उचलून तुम्ही स्वतःकडे घेताय. ब्रेक पॅडच्या कामात ती छोटी आहे. टर्बोच्या मागचा पाइप, म्हणजे डाउनपाइप, सोडवण्यात ती छोटी नाही.

एफडीला हात लावू नका. ७५,००० च्या घरखर्चाला १,६०,००० म्हणजे जेमतेम दोन महिने. त्यातून एक लाख गेले तर महिनाही निघणार नाही. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हालाही ते माहीत आहे, नाहीतर तुम्ही विचारलं नसतं.

आता खरा मुद्दा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीपुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं : परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द तुमच्या यादीसमोर ठेवून वाचा. आवाज आणि धुराचं प्रमाण मोडलं तर कलम १९० वेगळं लागतं, तिथे १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

पोलिसांनी पकडलं तर भरू पाच हजार, असं तुमच्या वयाची बरीच मुलं म्हणतात. दंड मला फारसा खुपत नाही. मला दिसतो तो विमा. पॉलिसीवर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, साधारण साडेचार लाखांच्या आसपास असेल, आणि बँकेचे ३,९०,००० अजून बाकी आहेत. समजा घाटात गाडी कठड्यावर गेली. सर्व्हेअर येतो, खाली वाकतो, त्याला भलताच डाउनपाइप दिसतो, स्प्रिंग वेगळ्या दिसतात, आणि यातलं काहीच कंपनीला कळवलेलं नसतं. मग दावा कापला जाईल, रखडेल, कदाचित नाकारला जाईल. तुम्ही ग्राहक आयोगात भांडाल, जिंकालही. पण तोपर्यंत दर महिन्याला ११,४०० चा हप्ता जातच राहील, दारात नसलेल्या गाडीसाठी. २५,००० वाचवण्याच्या बोलण्यात हा साडेचार लाखांचा आकडा कुठेच आला नव्हता, म्हणून इथे आणला.

त्यामुळे पहिलं काम पैशाचं नाही, ईमेलचं आहे. विमा कंपनीला सरळ लिहा : अमुक बदल करायचा विचार आहे, तो पॉलिसीत नोंदवून जादा प्रीमियम घ्याल का? उत्तर लेखी मागा. एजंटच्या 'होऊन जाईल साहेब'ला दाव्याच्या वेळी काडीची किंमत नसते. इंजिनाच्या कामाला बहुतेक नकार येईल. आला तर तो विषय तिथेच संपवा.

आता एकेक वस्तू. डाउनपाइप आणि एक्झॉस्ट मिळून ७०,००० : हे काढून टाका. बाजारात 'कॅटलेस' म्हणून जो डाउनपाइप विकतात त्यात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनरवर पी ०४२० हा कोड येतो, आणि तो दिवा विझवायला पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये खाडाखोड करावी लागते. पीयूसी हा पुढचा प्रश्न. मोठ्या एक्झॉस्टने रस्त्यावर जाणवेल इतका पिकअप वाढत नाही, वाढतो तो आवाज, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री साडेदहाला त्याची दाद कोण देणार आहे ते तुम्हीच बघा.

इनटेकचे १८,००० मात्र मुंबईत राहून घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. कंपनीने हवेचं तोंड वर, आडोशाला ठेवलेलं असतं. बाजारातले 'कोल्ड एअर' इनटेक थंड हवेच्या शोधात फिल्टर बऱ्याचदा खाली बंपरच्या मागे नेऊन ठेवतात. जुलैत कुर्ल्याला एलबीएस रोडवर किंवा हिंदमाताला पाणी भरलं, तुमची गाडी त्यात सापडली, आणि एक घोट पाणी सिलिंडरमध्ये गेलं, की काम संपलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडावं लागलं की खर्च लाखाच्या घरात जातो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच लागतं. ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर १८,००० च्या इनटेकऐवजी रिन्यूअलला ते घ्या, त्याला याहून पुष्कळ कमी पैसे लागतात.

लोअरिंग स्प्रिंगचे ४२,००० : मुलुंड ते पवई रस्त्यावरचे खड्डे आणि गतिरोधक मोजून मग ठरवा. मी घातले नसते. गाडी वळणावर हलत असेल तर आधी मूळचे शॉक अॅब्सॉर्बर आणि बुश तपासा. जुन्या गाडीत दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो, आणि ते बदलायला आरटीओचीही हरकत नसते, विम्याचीही नाही.

राहिला रिमॅप, ३५,०००. मोह मला कळतो. तुमच्या इंजिनाची मूळ ताकद ११० पीएस, टॉर्क १७५ न्यूटन-मीटर; टर्बो असल्यामुळे नुसतं सॉफ्टवेअर बदलून त्यात फरक जाणवतो, हे खरं. पण बिल ३५,००० वर थांबत नाही. टॉर्क वाढला की पाच वर्षं वापरलेला क्लच घसरायला लागू शकतो, आणि क्लच सेट आणि मजुरी मिळून आणखी पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवावे लागतात. बरेच ट्यूनर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सांगतात. ९५ ऑक्टेनला लिटरमागे काही रुपये जादा पडतात, १०० ऑक्टेनचा दर तर साध्याच्या जवळपास दीडपट असतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणून रिमॅप कायद्यात बसतो असंही नाही. आणि ही ताकद वापरणार कुठे? कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात मर्यादा ८०, बोगद्यात ६०. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला १००, तिथेही कॅमेरे. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) संध्याकाळी सात वाजता तर आहेत तेच ११० पीएस नुसते पेट्रोल पीत उभे असतात.

विमा कंपनीने लेखी होकार दिलाच, तर रिमॅपसाठी महिन्याला ४,००० चं आवर्ती ठेव खातं उघडा. नऊ महिन्यांत ३६,००० होतात. तोपर्यंत एफडीत भर पडलेली असली पाहिजे, ही माझी अट. नऊ महिन्यांनीही तितकीच इच्छा असेल तर करा, माझी आडकाठी नाही.

एक गोष्ट मला खटकली. सहा वस्तूंच्या यादीत टायर नाहीत. गाडीचा रस्त्याशी संबंध चार टायरांपुरताच असतो. वेग पकडणं, वळणं, थांबणं सगळं तिथून होतं. २०२१ च्या गाडीवर मूळचेच टायर असतील तर ते आता कडक झालेले असणार. पावसात मुलुंड चेकनाक्यापाशी जोरात ब्रेक मारून पाहायची गरज नाही, नखाने रबर दाबून पाहिलं तरी कळतं. मूळ मापाचे चार चांगले टायर ३२,००० पर्यंत, ब्रेक पॅड आणि डॉट ४ ब्रेक फ्लुइड ९,०००, स्पार्क प्लग, फिल्टर आणि ऑइल ६,०००. झाले ४७,०००. अलाइनमेंटचे दीड हजार वेगळे. महिन्याला उरणाऱ्या ३७,००० तून हे दोन महिन्यांत होतं. एफडी नाही, कार्ड नाही, कंपनीला कळवायलाही काही नाही. आणि गाडी चालवताना फरक कळेल, तोही पहिल्याच वळणावर.

यात मित्राला भरपूर काम आहे. प्लग, फिल्टर, पॅड, फ्लुइड हे सगळं त्याच्या हातचं आहे, आणि तुम्ही शेजारी बसून शिकलात तर पुढची काही वर्षं तुमचीच मजुरी वाचेल. ब्रेकचं काम मात्र त्याने स्वतः, टॉर्क रेंच लावून करावं आणि गाडी स्टँडवर असावी; नुसत्या जॅकवर चढवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गॅरेजला कामगारासाठी विमा घेता येतो, मित्राला काही झालं तर रुग्णालयाचं बिल कोण भरणार? त्याचं आरोग्य विम्याचं कार्ड चालू आहे का हे आधी विचारा. विचित्र वाटेल, तरी विचारा. आणि 'फुकट' ठेवू नका. तासाला काही ठरवणं त्याला आवडणार नाही, पण त्याला हवं असलेलं एखादं अवजार घेऊन द्या. पाच-सहा हजारांत दोघांचाही मान राहतो, आणि काही बिघडलं तर बोलायला तोंड राहतं.

बायकोला ४७,००० चा हिशेब दाखवा, १,८०,००० चा नाही. त्या यादीतल्या बऱ्याचशा भागाला खूळ म्हणण्यात त्यांचं फारसं चुकलेलं नाही. ती एफडी संयुक्त नावावर असेल तर त्यांना न विचारता मोडायचा प्रश्नच येत नव्हता.

टायर घेताना दुकानदाराला बाजूची पट्टी दाखवायला सांगा. तिथे शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सवलत कितीही देत असला तरी वर्षाहून जुना माल घेऊ नका, आणि चारही टायरांचं बिल गाडीच्या नंबरासकट घ्या. विकताना ते कामाला येतं.