मामांची लाकडी बदकं रंगवून घेऊ का?

प्रश्न : माझे मामा बरीच वर्षं अमेरिकेत मेरीलँडला होते, येताना त्यांनी दोन लाकडी बदकं आणलेली, मामा गेल्यावर मामींनी ती मला दिली. एक एकदम चकाचक, पीस न् पीस कोरलेलं. दुसरं जड, रंग उडालेला, मानेला चीर. जुन्या बाजारातला एकजण म्हणाला चकाचकवाल्याचे ४,००० देतो, दुसरं आधी रंगवून आणा. रंगवू का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नका हो, प्लीज नका! आणि ४,००० ला पहिलंही लगेच देऊन टाकू नका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते उडालेल्या रंगाचं बदक उलटं केलंय ना, त्याच्या पोटाला शिशाची पट्टी ठोकलीये आणि पुढे दोरी बांधायची कडी आहे, म्हणजे हे शोकेससाठी केलेलंच नाही, हे खरंखुरं डिकॉय, शिकारी असली बदकं पाण्यात तरंगत सोडायचे, ती बघून उडती बदकं खाली उतरायची. पट्टी कशाला, तर लाटेवर उलटं होऊ नये म्हणून. अशा बदकाची निम्मी किंमत मूळ रंगातच असते. वरून नवा रंग मारला की ती गेली, परत येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी सँडपेपर मारून वॉर्निश केलं होतं, मला अजून हळहळ वाटते.

झीज कुठे आहे तेही बघा. चोच, शेपटी, छाती, जिथे दोरी गुंडाळायचे ती जागा, इथली झीज खरी वाटते. सगळीकडे सारखीच घासलेली असेल तर मुद्दाम जुनं केलेलं असू शकतं.

चकाचकवालं म्हणजे तलवार बदकाचा नर, थंडीत भिगवणला जाऊन बघा, हीच लांब टोकदार शेपटी आणि मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ दिसेल. खाली फेल्ट (जाड मऊ कापड) चिकटवलंय, शिशाचं वजन नाही, म्हणजे हे सजावटीचं. इथे कारागिराचं नाव महत्त्वाचं, फेल्टची कड उचकटू नका पण आसपास सही, साल, शिक्का काही आहे का ते भिंगातून बघा. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल या कारागिराची दोन बदकं २००७ मध्ये प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला गेली, तोही आपल्या कामावर लंबगोल शिक्का मारायचा. तुमचं तसलं असेल असं नाही म्हणत मी, पण नाव न बघता भाव ठरवायचा नाही एवढं नक्की.

याचं खरं मार्केट तिकडेच आहे, त्यामुळे डिकॉय विकणाऱ्या तिकडच्या लिलाववाल्यांना ईमेल करा. दिवसाच्या उजेडात फ्लॅश न मारता दोन्ही बाजू, डोकं, चोच आणि तळ असे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, वजन लिहा, आणि मामांनी कुठून, कधी घेतलं हे मामींना आत्ताच विचारून ठेवा.

तोवर कोरड्या मऊ ब्रशने फक्त धूळ झटका, शिशाला हात लागला तर धुवा, उन्हात ठेवू नका. आणि त्या मानेच्या चिरेत फेविकॉल तर बिलकुल भरू नका.