आधी दोन मिनिटांचं एक गाणं पुरं कर

प्रश्न : मी सहा वर्षं कीबोर्ड वाजवतो. लॅपटॉपवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करायची आहेत. व्हर्च्युअल (सॉफ्टवेअरमधली) वाद्यं टाकली, पण पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. नवा लॅपटॉप, इंटरफेस (माइक किंवा वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी), माइक यांसाठी बाबांकडे पैसे मागू का? यात करिअर होतं का?

उत्तर : पैसे मागण्याआधी ऑडिओ सेटिंग उघड. हा उशीर बहुतेक वेळा बफरमुळे होतो. संगणक आवाजाचे नमुने थोडे साठवून मग पुढे पाठवतो. सेकंदाला 44,100 नमुने असतील तर 1024 नमुन्यांच्या बफरला साधारण 23 मिलिसेकंद लागतात, 128 च्या बफरला जेमतेम 3. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोहोचवणारं सॉफ्टवेअर) निवड. वाजवताना बफर लहान ठेव, मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या, वेळी वाढव. आवाज तडतडू लागला तर झालेले ट्रॅक फ्रीज कर, म्हणजे ते तात्पुरते तयार आवाजात बदलतात आणि संगणकावरचा भार कमी होतो.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एकच धर. रीपर 60 दिवस विनामूल्य वापरून बघता येतं, मॅकवर गॅरेजबँड मिळतं. सर्ज एक्सटी हा सिंथ (सॉफ्टवेअरमध्ये आवाज घडवणारं वाद्य) फुकट आहे.

आता महत्त्वाचं. कीबोर्ड लॅपटॉपला जी माहिती पाठवतो ती मिडी. मिडीत आवाज नसतोच. कोणती पट्टी, केव्हा, किती जोरात (1 ते 127) अशा सूचनांची नोंद असते. म्हणून पियानोवर वाजवलेलं एका क्लिकवर सेलोला देता येतं, आणि नवशिके इथेच फसतात. पियानोचा स्वर दाबल्यापासून विरत जातो. सेलोचा स्वर गजाबरोबर फुलतो, ओसरतो. तो चढउतार मॉड्युलेशन व्हीलने (कीबोर्डवरच्या चाकाने) तुलाच द्यावा लागेल. सगळे स्वर क्वांटाइझ करून, म्हणजे तालाच्या नेमक्या रेघांवर सरकवून, ग्रिडला चिकटवू नकोस. सहा वर्षांत कमावलेला तुझा हात त्यात पुसला जाईल, आणि मला त्याचं फार वाईट वाटेल.

खरेदीत पहिला मान बंद कपांच्या हेडफोनला. इंटरफेस आणि माइक खरा गळा किंवा वाद्य टिपायचं ठरेल तेव्हा घे. त्या वेळी 24 बिटवर, पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवून (शून्याला आवाज फाटतो) रेकॉर्ड कर.

करिअर होतं : अरेंजर (वाद्यांची मांडणी करणारा), संगीत प्रोग्रामर (संगणकावर वाद्यं वाजवून देणारा), रेकॉर्डिंग इंजिनिअर, गेम आणि चित्रपटांचं ध्वनिकाम. पण उत्पन्न सुरुवातीला अनियमित असतं, म्हणून शिक्षण सोडू नकोस. काम देणारा तुझी यंत्रं विचारत नाही, पूर्ण झालेली गाणी ऐकतो.

या महिन्यात ड्रम, बास, पियानो आणि एक मुख्य धून, असे चारच ट्रॅक घेऊन दोन मिनिटांचं गाणं संपव. मग प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीच्या क्षणापासून धरून, नाव देऊन, वेगळा एक्सपोर्ट कर आणि दुसऱ्या कुणाला मिक्स करायला दे. त्याला तुला एकही प्रश्न विचारावा लागला नाही, तर बाबांशी इंटरफेसबद्दल बोल.